गावठी झेंडूला ‘मिक्स माल’ म्हणणाऱ्यांसाठी

आजची पोस्ट जरा लांब आहे, आणि थोडी तिखट पण आहे. भाताच्या रोपाचं, वालाचं पुढच्या वेळी बोलू. आज फक्त झेंडू.

परवा एका शेतकरी मेळाव्यात फुलशेतीवर बोलायला एक कृषी सल्लागार आले होते. माणूस अभ्यासू. खताचं, पाण्याचं, करप्याचं जे सांगितलं ते सगळं पटलं, मी वहीत लिहून पण घेतलं. प्रश्नोत्तरात मी उभा राहिलो आणि आमच्या घरच्या झेंडूच्या बियाण्याचा विषय काढला. साहेब म्हणाले, “दादा, भाताचं नाहीतर वालाचं जुनं बी धरून ठेवलंत तर समजू शकतो. फुलाचं कशाला? तो मिक्स माल आहे. एक झाड असं, एक झाड तसं. टाकून द्या आणि दरवर्षी नवीन पाकीट घ्या.” सगळे हसले. हसणाऱ्यांत निम्मे असे होते की ज्यांच्या आज्यांनी असलंच बी पदराला गाठ मारून सासरी आणलं होतं.

साहेबांचा राग नाही. पण ‘मिक्स माल’ हे दोन शब्द काही डोक्यातून जात नाहीत, कारण आख्खं भांडण त्या दोन शब्दांतच आहे.

आधी आमचा झेंडू कसा आहे ते सांगतो. आम्ही बदलापूरच्या बाहेर, उल्हास नदीच्या अंगाला. खाली भाताची खाचरं, वर थोडा माळ. त्या माळाच्या कडेला, जिथे पाणी थांबत नाही अशा पट्ट्यात हा झेंडू चौथ्या पिढीपासून आहे. पणजीने मुरबाडकडच्या तिच्या माहेरून आणला, आजीने सांभाळला, मग आईने. झाड कमरेच्या वर जातं, काही छातीला लागतात. रंग गर्द केशरी, पाकळीच्या टोकाला किंचित तांबूस. फूल बाजारातल्या कलकत्ता झेंडूपेक्षा लहान आणि हलकं. बऱ्याच फुलांत मधला पिवळा बुंदा दिसतो, म्हणजे ते पूर्ण भरलेलं नसतं. वास मात्र असा की तोडणी करून आलं की साबणाने दोनदा हात धुतले तरी भाकरीला लागतो. (आईला तो आवडतो. मला नाही.)

आता साहेबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ही झाडं एकसारखी नाहीत. काही झाडं नवरात्राच्या आधीच फुलतात, बरीचशी कोजागिरीच्या आसपास, आणि काही शहाणी दिवाळीशिवाय डोळा उघडत नाहीत. साहेब याला दोष म्हणतात. मी म्हणतो, पणजीपासून ज्यांनी हे बी राखलं त्यांनी राखलेली गोष्ट हीच आहे.

कसं ते बघा. उंच वाढणारा झेंडू, ज्याला पुस्तकात आफ्रिकन झेंडू म्हणतात (आफ्रिकेशी त्याचा काडीचा संबंध नाही, ते पुढे येईल), तो दिवसाची लांबी ओळखतो. दिवस लहान व्हायला लागला की कळी धरायची त्याची ओढ वाढते. आजच्या संकरित जातींतून ही सवय बरीच कमी केलेली आहे. त्या लावणीपासून दिवस मोजून फुलतात, म्हणून दसऱ्याची तारीख बघून उलटे दिवस मोजायचे आणि रोप लावायचं. गावठीला तारीख कळत नाही. त्याला मृगात पेरा नाहीतर आषाढात पेरा, भाद्रपद सरत आला, दिवस-रात्र सारखे व्हायला लागले की तो कळ्या धरतो. लवकर पेरलेला उंच होतो, उशिरा पेरलेला बुटका राहतो, पण फुलायला फार मागेपुढे होत नाहीत.

म्हणजे झेंडू चालतो सूर्यावर आणि दसरा चालतो चंद्रावर. २०२३ साली अधिक श्रावण होता, दसरा गेला २४ ऑक्टोबरला. २०२४ ला १२ ऑक्टोबर. २०२५ ला थेट २ ऑक्टोबर. यंदा अधिक ज्येष्ठ आलाय, म्हणून दसरा पुन्हा २० ऑक्टोबरला. सण असा पुढे-मागे बावीस दिवस हलतो. आता सांगा, ज्या घराला दरवर्षी दाराला तोरण, नांगराला, विळ्या-कोयत्याला, गुरांच्या गळ्यात, आणि आता पॉवर टिलर आणि मोटरसायकलला पण हार लागतो, त्या घराने कसलं बी ठेवावं? सगळं एका आठवड्यात फुलणारं? का थोडं आधी, थोडं मधे, थोडं मागाहून फुलणारं?

२०२५ च्या दसऱ्याला आमच्या पट्ट्यात निम्मीसुद्धा झाडं फुललेली नव्हती. पण जी लवकरची होती ती फुलली होती, आणि तोरण घरचंच लागलं. २०२३ ला तीच लवकरची झाडं दसऱ्यापर्यंत थकली होती, तेव्हा मधल्यांनी हात दिला. बायांनी कुठल्या विद्यापीठात न जाता हे साधलं होतं. बी धरताना आजी एकाच झाडाचं कधी घ्यायची नाही. नवरात्राचं थोडं, कोजागिरीचं थोडं, दिवाळीनंतरचं थोडं, तिन्ही एका पुरचुंडीत. तुम्ही त्याला मिक्स माल म्हणा.

आता संकरित बियाण्याकडे येऊ. मी त्याच्या विरोधात नाही, हे आधी लिहून ठेवा, नाहीतर खाली कुणीतरी येऊन मला ‘गावठीवाला’ म्हणून हिणवणार. आमच्या अर्ध्या एकरात संकरितच आहे आणि घर त्याच्यावर चालतं. कल्याणच्या फूल मार्केटला गाडी गेली की व्यापारी फूल हातात घेऊन दाबून बघतो. घट्ट, गोल, जड हवं, तीन दिवस टिकायला हवं. गावठी तिथे न्यायला मी पण धजत नाही. ते बदलापूर-अंबरनाथच्या स्टेशनबाहेर वाट्यावर आणि हार करून जातं. हे सगळं मान्य.

पण संकरित बी बनतं कसं ते एकदा समजून घ्या. आई म्हणून अशी ओळ घेतात जिच्या फुलात परागच तयार होत नाहीत, नरवंध्य ओळ. बाप दुसऱ्या ओळीतला. त्यांचं पहिलं पोर म्हणजे तुमच्या पाकिटातलं बी. ते पोर एकसारखं आणि जोरकस निघतं, त्यात खोटं काही नाही. पण त्याच्या फुलातलं बी तुम्ही पुढच्या वर्षी पेरलं की घराणं फुटतं. एक उंच, एक बुटकं, एक भरलेलं, एक एकेरी. काही फुलं तर इतकी गच्च भरलेली असतात की त्यात बी धरायला जागाच उरत नाही. कारण झेंडूचं जे एक फूल आपण म्हणतो ते खरं तर शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेच्या पाकळीवाल्या फुलांत फक्त स्त्रीकेसर. पराग असतात ते मधल्या नळीच्या फुलांत. फूल जितकं गच्च भरवाल तितक्या मधल्या नळ्या कमी, तितके पराग कमी. आमच्या फुलाचा जो पिवळा बुंदा बघून व्यापारी नाक मुरडतो, तोच बुंदा पुढच्या वर्षीचं बी आहे. मधमाश्या पण त्याच्यावरच येतात.

पैशाचा हिशोब पण करा. चार फूट सरी, दीड फुटावर रोप धरलं तर एकरी सात हजारांच्या वर रोपं लागतात. नर्सरीत संकरित रोपाला दोन-तीन रुपये पडतात. म्हणजे मातीला हात लावायच्या आधी पंधरा-वीस हजार गेले. दर चांगला लागला तर ते निघतात. नाही लागला तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मार्केटच्या रस्त्यावर झेंडूचे ढीग पडलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. गावठीत उत्पन्न कमी, हे खरं. पण त्याच्या बियाण्याला माझा आजवर एक रुपया गेलेला नाही, आणि तो पडला तर मी बुडत नाही. दोन्ही ठेवायला कोण अडवतं? एक पाय बाजारात, एक घरात. ‘टाकून द्या’ हा सल्ला ज्याने दिला त्याने माझा दुसरा पाय काढून घ्यायला सांगितलं, याचा राग आहे.

बरं, आता दुसऱ्या बाजूला पण दोन शब्द, कारण ते लोक पण काही कमी नाहीत. हल्ली शहरातून फार्महाऊसवाले येतात, गावठी झेंडू बघतात आणि डोळे मिटून म्हणतात, “वा, अस्सल भारतीय, आपल्या ऋषीमुनींचं फूल.” अहो, झेंडू मेक्सिकोचा आहे. तिथे त्याला वीस पाकळ्यांचं फूल अशा अर्थाचं जुनं नाव आहे, आणि १ आणि २ नोव्हेंबरला तिथले लोक आपल्या मेलेल्या माणसांना घरी बोलवायला त्याच केशरी फुलांच्या वाटा घालतात. सोळाव्या शतकानंतर युरोपच्या जहाजांतून तो जगभर फिरला. गुलछडी पण मेक्सिकोची. सदाफुली मादागास्करची. मिरची बाहेरची, टोमॅटो बाहेरचा. म्हणून काय ठेचा परका झाला? कुठून आला यापेक्षा इथल्या पावसात, इथल्या चिखलात किती पिढ्या काढल्या ते बघायचं. आमच्या झेंडूला जून ते सप्टेंबरचा बदलापूरचा पाऊस बसतो. त्यात ज्यांची मुळं कुजली ती झाडं बी न धरता गेली. जी उरली त्यांचंच बी पुढे चालत आलं. ‘अस्सल’ बिस्सल काही नाही, इथल्या पाण्याने निवडलेला आहे, एवढंच.

अशा देशी-देशी करणाऱ्यांतलेच काही जण बी नेतात, बाटलीत भरून कपाटात शोभेला ठेवतात. झेंडूचं बी वर्षभर चांगलं उगवतं, दुसऱ्या वर्षी उगवण पडायला लागते, पुढे तर धरवत नाही. बाटलीतलं बी म्हणजे जपलेलं बी नव्हे. ते पेरलं पाहिजे.

आता जो धोका मला खरंच रात्री जागवतो तो सांगतो, आणि तो ना साहेबांचा आहे ना कंपनीचा. तो आपल्या दाराच्या तोरणात आहे.

दसरा झाला की तोरण वाळतं. वाळलेली फुलं आपण चुरगाळून तुळशीपाशी, उकिरड्यावर, बांधाला टाकतो. चांगली सवय आहे, पूर्वी बी असंच पुढे जायचं. पण पूर्वी ते तोरण घरच्या फुलांचं असायचं. आता ते स्टेशनवरून विकत आणलेलं असतं, त्यात संकरित असतो, कलकत्ता असतो. त्यातली थोडी फुलं पुढच्या पावसात तुळशीपाशी उगवतात. कुणी लावलेली नसतात, म्हणून कुणी मोजत पण नाही. आणि झेंडूचं लग्न मधमाशी लावते, तिला कुंपण कळत नाही. आमच्या माळाच्या दोन बाजूंना आता सात मजली इमारती झाल्यात. एकेका गॅलरीत दोन दोन कुंड्या. त्यांची हौस, त्यात चूक काही नाही. पण माशी तिथून उडते आणि माझ्या पट्ट्यात बसते. गेल्या दोन वर्षांत आमच्यात लिंबू-पिवळी फुलं निघायला लागली. आमच्या घरात पिवळा झेंडू कधीच नव्हता.

तर ज्यांच्याकडे असं जुनं बी शिल्लक असेल त्यांनी काय करावं, मी काय करतो ते लिहितो.

पन्नासच्या खाली झाडं नकोत. चार कुंड्यांत घराणं टिकत नाही, पाच-सहा वर्षांत ते एका-दोन झाडांचं होऊन बसतं आणि मिक्स माल संपतो. फूल यायला लागलं की रोज सकाळी फेरी मारायची, परका रंग दिसला की झाड लगेच उपटायचं. उद्या म्हणायचं नाही, उद्यापर्यंत माशी चार फेऱ्या करते. उपटलेलं गुरांच्या खाली नका टाकू, फुलासकट पुरा. तुळशीपाशी, बांधाला, उकिरड्यावर आपोआप उगवलेली रोपं श्रावणातच काढा. शेजाऱ्यालाही सांगा, पण गोडीने. आमच्या शेजारच्या काकी पहिल्या वर्षी माझ्यावर तडकल्या होत्या, “झेंडूला पण तुझी परवानगी लागते काय रे?” आता त्याच आधी उपटतात.

ज्यांच्याभोवती इमारती आल्यात त्यांनी पाच-सहा झाडांवर कळी उघडायच्या आधी जुनी मच्छरदाणी टाकावी. लवकरची, मधली, उशिराची, प्रत्येक वेळेला वेगळी झाडं घ्या. रोज सकाळी दव सुकलं की मच्छरदाणीत हात घालून एका झाडाचं फूल दुसऱ्या झाडाच्या फुलावर हळूच फिरवायचं. कडेची बारीक फुलं आधी उघडतात, मधली मागाहून, म्हणून आठ-दहा दिवस हे करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. पोरांना दिलं तर ती आनंदाने करतात, पण दोनच दिवस.

आणि एक भीती काढून टाका. ती बुटकी, तांबडी-पिवळी छोटी मखमल जवळ असली तर घाबरू नका. मखमलीत गुणसूत्रं ४८ असतात, उंच झेंडूत २४. दोघांचं जमलंच तर पोर वांझ निघतं, पुढे घराणं बिघडवत नाही.

बी तोरणातून घेऊ नका. तोरणासाठी तोडलेलं फूल ताजं असतं, त्यातलं बी बरंचसं अर्धवट भरलेलं असतं. काही उगवतं, पण रोप किरटं निघतं. चांगल्या झाडावर पाच-सहा फुलं तशीच सोडा, देठ फुलाच्या खालून वाळून तपकिरी झाला की तोडा, सावलीत पसरा, मग चोळा. भरलेलं बी काळं, काडीसारखं, कडक, वर पांढुरकी शेंडी. जे सगळंच फिकट आणि चपटं ते पोकळ, फुंकर मारली की उडतं. आणि सगळ्यात मोठ्या फुलाचंच बी धरायचा मोह टाळा. दरवर्षी मोठंच निवडत गेलात की फूल भरत जातं, बुंदा जातो, बी जातं, आणि आपण आपल्याच हाताने पाकिटाच्या रांगेत जाऊन उभे राहतो.

साहेबांना अजून एक सांगायचं राहिलं. उंच झेंडू फक्त सणाचा नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचीच शिफारस आहे, टोमॅटोच्या १६ ओळींमागे उंच झेंडूची १ ओळ, झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं, म्हणजे फळ पोखरणारी अळी झेंडूच्या फुलांवर अंडी घालते आणि टोमॅटो सुटतो. झेंडूच्या मुळातलं द्रव्य सूत्रकृमींना पण आवरतं. या कामाला घट्ट गोल फूल लागत नाही. लांबवर फुलत राहणारं झाड लागतं. ते घरच्या बियाण्यातून फुकट मिळत असेल तर टोमॅटोवाल्याने त्याच्यासाठी पाकीट का विकत घ्यावं?

आता बी देण्या-न देण्याबद्दल. आपल्याकडे काही घरांत ‘बी बाहेर जाऊ देऊ नये, लक्ष्मी जाते’ असं म्हणतात. याच्याइतकं नुकसान कुठल्या रोगाने केलं नसेल. आमचं बी आज आहे ते आजीने ते बाहेर दिलं म्हणून. आत्या मुरबाडला दिली, तिच्याबरोबर पुरचुंडी गेली. २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो. उल्हास नदी अशी चढली की खालची खाचरं तर गेलीच, माळाच्या कडेला काढून ठेवलेलं झेंडूचं रोप पण गेलं, आणि घरात पाणी शिरल्यावर फडताळातलं उरलेलं बी भिजून कुजलं. एका रात्रीत घरातला झेंडू शून्य. आठवड्याने रस्ते सुरू झाल्यावर आत्या डोक्यावर गाठोडं घेऊन आली, तांदूळ, मीठ, काडेपेटी आणि झेंडूचं बी. ऑगस्टमध्ये पेरला. त्या वर्षी १२ ऑक्टोबरच्या दसऱ्याला नाही मिळाला, पण १ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाला गुडघ्याएवढ्या झाडांवर फुलं होती. दिवस लहान झाला आणि त्याने उंचीची वाट न बघता फूल दिलं. दिवस मोजणारी जात असती तरी कदाचित फुलली असती, पण पूर ओसरल्यावर ती आणायची कुठून आणि कुठल्या पैशाने?

देण्याघेण्याला कायद्याची भीती दाखवणारे पण असतात, म्हणून सांगतो. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ चा. त्याच्या कलम ३९ मध्ये स्पष्ट आहे की शेतकरी आपल्या शेतातलं बी ठेवू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, वाटू शकतो, विकू पण शकतो. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या पाकिटात, लेबल लावून विकता येत नाही. आपण पुरचुंडी देतो. पुरचुंडीला ब्रँड नसतो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा गावोगावी ‘देशी बियाणं वाचवा’चे फलक लागले. मला मनापासून आनंद झाला. भात, वाल, भाज्या यांच्या बियाण्याला निदान आता मान आहे. पण फुलाचं नाव काढलं की लोक हसतात, जसे परवा हसले. पोटाला लागत नाही ना, म्हणून. मग आमच्या घरात, दुष्काळ असो, पूर असो, दसऱ्याला नांगराला फूल वाहिल्याशिवाय कुणी जेवलं का नाही, ते मला सांगा. आणि दुसरं कारण मी उघडच बोलतो. भाताचं बी कणगीत असायचं, त्यावर घरातल्या पुरुषाचं लक्ष. फुलाचं बी बाईच्या पदरात, चुलीवरच्या फळीवर. त्याची नोंद सातबाऱ्यावर नाही, सोसायटीत नाही, कुठल्या सर्व्हेत नाही. तेरडा, गुलबक्षी, अबोली, कोरांटी, सगळ्यांची हीच गत. ती म्हातारी गेली की तिच्याबरोबर बी गेलं आणि घरात कुणाला कळलं पण नाही.

आता माझी घाई का, ते सांगून टाकतो. माळ विकायची भावकीत बोलणी चालू आहेत. सातबाऱ्यावर नऊ नावं आहेत, त्यातलं एक माझं. बदलापुरात जमिनीला काय भाव आलाय ते तुम्हाला मी सांगायला नको. जे विकायचं म्हणतात त्यांना मी नावं ठेवणार नाही, दोघांच्या घरात दवाखाना चालू आहे, एकाच्या मुलीचं शिक्षण. कदाचित हा हंगाम मिळेल, कदाचित पुढचा पण. त्यानंतर पन्नास झाडांना जागा कुठली, तर घराच्या मागे जेमतेम अर्धा गुंठा, आणि त्याच्यावर इमारतीची सावली. म्हणून आमचं घराणं आता आमच्या एका घरात ठेवून चालणार नाही.

कृषी विभागातले, विद्यापीठातले बरेच जण हे पेज वाचतात. तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुण्यात पुष्प संशोधन संचालनालय आहे. अकोल्यात राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं केंद्र आहे. भातासाठी नावाजलेलं कर्जतचं केंद्र तर बदलापूरहून लोकलने पाचवं स्टेशन. तुमच्यातल्या कुणीतरी एक हंगाम हे बी घ्या. शंभर झाडं, तीन वेगवेगळ्या तारखांना पेरणी, कळी कधी धरली, पहिलं फूल कधी, शेवटचं कधी, पाण्यात किती झाडं मेली, एवढंच मांडा. शेजारच्या वाफ्यात तुमची आवडती संकरित जात लावा. वजनात ती जिंकणार, मी आत्ताच लिहून देतो. बाकीचे रकाने भरून झाले की मग सांगा हा माल टाकायचा का. आणि शीतगृहात बी ठेवणार असाल तर जरूर ठेवा, पण आधी आमच्यासारख्या दहा घरांतून गोळा करा. एका घराचं बी म्हणजे त्या घराच्या निवडीचं बी. नेरळकडच्या घराने वेगळं निवडलं असेल, शहापूरकडच्याने वेगळं.

बाकीच्यांसाठी. यंदा रोप जास्तीचं टाकलंय. आषाढ लागला की लावणीजोगं होईल. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, मुरबाड, कुठलेही असा, येऊन वीस-पंचवीस रोपं घेऊन जा, ओल्या गोणपाटात गुंडाळून देतो. ज्यांना बीच हवं त्यांनी तुळशीच्या लग्नानंतर या, तेव्हा चोळून ठेवलेलं असेल. पैसे घेत नाही. पुढच्या वर्षी मूठभर बी परत आणून द्यायचं, आणि त्यातलं निम्मं उशिरा फुललेल्या झाडांचं हवं, तेवढी एक अट. ज्यांच्या गॅलरीत पिवळ्या कुंड्या आहेत त्यांनी रोपं न्यायच्या आधी तसं सांगावं, त्यांना मी मखमल देईन.